उंबरातली केंबरं अंजिरात शिरतील का?

प्रश्न : आमची अंजिराची बाग पुरंदर तालुक्यात आहे. बांधावरच्या जुन्या उंबराचं फळ फोडलं की पंखवाले बारीक किडे भुर्रकन उडतात. ते अंजिरात शिरतील का? उंबर तोडावा की त्यावर औषध मारावं?

उत्तर : दोन्ही करू नका. ही केंबरं तुमच्या अंजिराला तोंडही लावणार नाहीत.

उंबराची फुलं फळाच्या आतच असतात. मादी वासावरून कोवळं फळ शोधते आणि तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रातून आत घुसते. वाट इतकी अरुंद की पंख तिथंच तुटून पडतात. आत ती परागीकरण करते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथंच मरते. पुढच्या पिढीतल्या नरांना पंखच नसतात. ते माद्यांशी संग करतात, त्यांना बाहेर पडायला भोक पाडून देतात आणि मरतात. परागकण घेऊन उडालेली मादी जेमतेम एक-दोन दिवस जगते, तेवढ्यात तिला दुसरं उंबरच गाठावं लागतं. आपल्याकडे उंबराचं परागीकरण करणारी ही जात म्हणजे सेराटोसोलेन फ्युसिसेप्स. अंजिराची वेगळी, ब्लास्टोफॅगा. तुर्कस्तानातल्या स्मिर्ना अंजिराला ती लागतेच. कॅलिफोर्नियातल्या बागायतदारांना 1899 मध्ये ती मुद्दाम आणून सोडावी लागली, तेव्हा कुठं फळ धरलं. आपलं पुना अंजीर परागीकरणाशिवाय पोसतं, त्यामुळे त्याला कुठलंच केंबरू लागत नाही.

उंबरावर औषध मारलंत तर केंबरं मरतील आणि परागीकरण न झालेली फळं कच्चीच गळतील. त्या फळांवर जगणाऱ्या पाखरांचं, वटवाघळांचं काय? मला तरी ते पटत नाही.

अंजीर फोडल्यावर आत अळ्या दिसल्या, तर ते काम बहुधा फळमाशीचं. सडकी, गळलेली फळं रोज वेचून खोल पुरा.

खोडकिड्याचं मात्र तसं नाही. त्याला आंबा चालतो, अंजीर चालतं, उंबरही चालतो. म्हणून बागेतून फिरताना उंबराचा बुंधाही बघा. सालीतून लाकडाचा भुसा बाहेर पडलेला दिसला, तर भोकात तार घालून अळी ओढून काढा आणि भोक चिखलानं लिंपून घ्या.