रणगाड्यातला जवान पायदळापेक्षा सुरक्षित असतो का?

तुम्ही विचारलंय, धाकटा भाऊ आर्मर्डमध्ये, म्हणजे रणगाडा दलात, भरती झालाय, लढाईत तो पायदळातल्या जवानापेक्षा सुरक्षित राहील का.

रायफलच्या गोळीपासून, हो. बाकी सगळं जागेवर अवलंबून.

मी सातारा तालुक्यातला. आमच्याकडे फौज म्हणजे मराठा लाईट इन्फन्ट्री. टँकवाला म्हटलं की पारावर अजून ऐकवतात, 'तुमचं बरंय, लोखंडात बसून लढाई!' १९८७ मध्ये मी भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होतो, टी-७२ रणगाड्याचा ड्रायव्हर. ४१ टनांचा टँक, आत माणसं तीनच, कारण १२५ मिलिमीटरच्या तोफेत गोळा मशीनच भरतं. हे धूड बनवलंय उघड्या मैदानासाठी. उत्तर श्रीलंकेतल्या जाफन्यात मैदान कुठलं? ताडाच्या झावळ्यांची कुंपणं, अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना घरं. रिव्हर्समध्ये टी-७२ ताशी जेमतेम ४ किलोमीटर जातो. बोळात अडकलात की माघार माणसाच्या चालीनंच.

हॅच, म्हणजे डोक्यावरचं झाकण, बंद केलं की पेरिस्कोपच्या काचेत मावेल तेवढंच दिसतं. टँकच्या अगदी पुढ्यातली जमीन दिसतच नाही, आणि धोका नेमका तिथेच. आमच्याशी लढणारे एलटीटीईवाले, म्हणजे तमिळ वाघ, रस्त्यात, मोरीखाली स्फोटकं पुरायचे आणि लांबून उडवायचे. म्हणून तर ऑक्टोबरात काही टँक रस्ता सोडून रेल्वेलाईनवरून जाफन्याकडे नेले. (मी त्यांच्यात नव्हतो.) हातात स्टिअरिंगचे दोन दांडे, पाठ मागं रेललेली, गुऱ्हाळाच्या चुलवणापुढं बसल्यासारखी धग आणि कानात कमांडर, 'बायें दबा... और... रोक!' तो मध्येच गप्प झाला की पोटात गोळा यायचा.

आम्हाला सांभाळलं ते पायदळानं. दोन्ही अंगांनी चालणारे जवान छपरं-खिडक्या बघायचे, ताजी उकरलेली माती आधी त्यांना दिसायची. आम्ही त्यांना आडोसा द्यायचो, पण जास्त माणसं त्यांचीच पडली. पारावरच्यांचं तेवढं खरं.

भाऊ ड्रायव्हर झाला तर एवढं सांगा. तोफेची नळी नेमकी डोक्यावर येऊन थांबली तर ड्रायव्हरचं हॅच उघडत नाही. सीटमागं तळाला आणखी एक झाकण असतं, पण टँक मातीत रुतून बसला असेल तर त्याचाही उपयोग नाही. मग बुर्ज, म्हणजे तोफेसकट फिरणारा वरचा भाग, फिरवून वाट करून द्यायची ती गनरनं, म्हणजे तोफ चालवणाऱ्यानं. नगरला ट्रेनिंगमध्ये उस्ताद हे सगळं शिकवतीलच, तरी गनरशी भांडण ठेवू नको म्हणावं.