समुद्र नसलेल्या नाशिकच्या क्लबने परदेशातल्या बीच सॉकर स्पर्धेला जावं का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या नाशिकच्या फुटबॉल क्लबला परदेशातल्या एका 'आंतरराष्ट्रीय बीच सॉकर क्लब स्पर्धे'चं आमंत्रण आलंय, प्रवेश फी आगाऊ मागितलीये आणि आपल्याकडे तर समुद्रच नाही, मग जावं का? आधी समुद्राचं सांगतो, कारण ती अडचण वाटते तेवढी मोठी नाही. फीचं नंतर. तिथे मी स्वतः हात पोळून घेतलेत.

बीच सॉकरला, म्हणजे वाळूवरच्या फुटबॉलला, समुद्र लागत नाही, वाळू लागते. पॅराग्वेला किनारा नाही, पण २०१९चा फिफा बीच सॉकर वर्ल्ड कप त्याच देशात, लुके या गावी झाला. त्यांच्या संघाला लाडाने 'पिनांदी' म्हणतात, ग्वारानी भाषेत त्याचा अर्थ अनवाणी. स्वित्झर्लंडला तर चारी बाजूंनी जमीनच. तरी २००९ साली दुबईत ते फायनलपर्यंत गेले. तिथे ब्राझीलने त्यांना १०-५ने धुतलं ती गोष्ट वेगळी. आणि क्लबांचंच म्हणाल तर 'मुंदियालितो दे क्लुबेस', म्हणजे जगभरचे नामांकित क्लब बोलावून भरवलेली स्पर्धा, २०११ मध्ये पहिल्यांदा झाली ती साओ पावलोत. ते शहर घाटावर आहे, समुद्र खाली राहतो. सामने गुआरापिरांगा धरणाच्या काठी झाले. आपण गंगापूर धरणाच्या कडेला वाळू ओतून बार्सिलोनाला खेळायला बोलवावं, तसंच. जिंकला तो ब्राझीलचाच वास्को द गामा हा क्लब. पुढच्या वर्षी जिंकलं कोण, तर मॉस्कोचं लोकोमोतिव. मॉस्कोत वर्षातले किती महिने उघड्या वाळूवर अनवाणी उभं राहता येत असेल, तुम्हीच ठरवा.

आपल्याच जिल्ह्याचं बघा ना. तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. चांदवड तालुका, जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, तिथला पोरगा रोइंगमध्ये २०१६च्या रिओ ऑलिंपिकला गेला आणि १३वा आला. नाव वल्हवायला तो लष्करात गेल्यावर शिकला. त्यामुळे समुद्र नाही ही सबब मी आमच्या पोरांकडून ऐकून घेत नाही.

आता वाळू. इथे मात्र खर्च आहे. मैदान ३५ ते ३७ मीटर लांब, २६ ते २८ मीटर रुंद आणि वाळूचा थर किमान ४० सेंटिमीटर. हिशेब केला तर सव्वाशे ते दीडशे ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) होतात, तेही रेषेबाहेरची मोकळी जागा न धरता. नाशकात ज्याने गेल्या दोन-चार वर्षांत घर बांधलंय त्याला ब्रासचा भाव विचारा, तो आधी हसेल आणि मग चहा पाजेल. आम्ही एवढं काही केलं नाही. एका ओळखीच्या शेतकऱ्याने जुनी द्राक्षबाग काढली होती, त्या जागेत १५ बाय १० मीटरचा खड्डा घेतला, फूटभर वाळू भरली. सोळा ब्रास लागली. अर्ध्या मैदानापेक्षाही लहान जागा, पण सरावाला पुरते.

त्यात एक चूक केली, ती तुम्ही करू नका. पहिल्या खेपेला स्वस्त पडते म्हणून क्रश सँड आणली. ती दगड फोडून केलेली, कडा धारदार. अर्ध्या तासात पोरांच्या तळव्यांची सालं निघाली. नदीची वाळूही तशीच वापरता येत नाही, तिच्यात खडे आणि शिंपल्यांचे तुकडे असतात, ती बारीक चाळणीतून काढावी लागते. दोन रविवार सगळा संघ चाळण हलवत होता. फुटबॉल शिकायला आलेल्या पोरांच्या आया येऊन बघून गेल्या, आपलं लेकरू गवंड्याच्या हाताखाली कधी लागलं म्हणून! आणि रात्री खड्ड्यावर ताडपत्री हवीच. का, ते गल्लीतल्या मांजरांना विचारा.

खेळाचं थोडक्यात. एका बाजूला गोलकीपर धरून पाच जण, बदली खेळाडू हवे तितक्या वेळा. बारा-बारा मिनिटांचे तीन भाग. बरोबरी हा प्रकारच नाही. ठरलेल्या वेळेत बरोबरी राहिली तर तीन मिनिटं जादा, तरीही नाहीच निकाल लागला तर पेनल्टी. वेळेत जिंकलात तर तीन गुण, जादा वेळेत दोन, पेनल्टीवर एक. पायात बूट नाहीत. फ्री किकला समोर खेळाडूंची भिंत लावता येत नाही, म्हणून फाउल महाग पडतो.

पण नियम वाचून हा खेळ कळत नाही, ते मला सुरतेला कळलं. २०२३च्या जानेवारीअखेरीस आपली पहिली राष्ट्रीय बीच सॉकर स्पर्धा सुरतेच्या डुमस किनाऱ्यावर भरली. सापुतारा उतरलं की सुरत आपल्याला काही फार लांब नाही, तीन पोरांना गाडीत घालून गेलो. केरळने फायनलमध्ये पंजाबला १३-४ने हरवलं. पोरं आकड्याकडे बघत होती. मी त्यांना म्हटलं, दुसऱ्या नावाकडे बघा. पंजाबात कुठे आलाय किनारा? देशभरचे संघ उतरले होते, त्यातून फायनलला पोचला तो पाच नद्यांचा प्रांत.

तिथे डोळ्यांनी दिसलं ते असं, की चेंडू जमिनीवरून द्यायचाच नसतो. वाळूत तो घरंगळत नाही, कुठल्या तरी पाऊलखुणेत अडकतो नाहीतर भलतीकडे उडतो. म्हणून चांगला खेळाडू आधी पायाच्या बोटांनी चेंडू उचलतो आणि हवेतच पुढे देतो. सायकल किक, म्हणजे पाठीवर पडत डोक्यावरून मारलेली किक, फुटबॉलमध्ये वर्षातून एकदा दिसते आणि आठवडाभर चघळली जाते, इथे ती नेहमीचीच, कारण पाठीवर पडलं तरी खाली वाळू आहे. आणि गोलकीपर हा खरा प्लेमेकर, म्हणजे खेळ रचणारा. तो हाताने चेंडू थेट समोरच्या गोलपाशी फेकतो. आमचा गवतावरचा सगळ्यात देखणा मिडफिल्डर वाळूत दहा मिनिटांत हातपाय गाळून बसला आणि कबड्डीतून आलेला एक बुटका पोरगा सगळ्यांना भारी पडला. मांड्या आणि कंबर ज्याची पक्की, तो वाळूत टिकतो.

आता तुमचं आमंत्रण. आम्हालाही असंच एक आलं होतं. नाव मोठं, चिन्हात दोन माडाची झाडं, आशियातल्याच एका पर्यटनस्थळी स्पर्धा. 'जागा थोड्याच उरल्यात' म्हणून आगाऊ फी मागितली. आम्ही वर्गणी काढून भरली. मग नियमांचा कागद आला. एका बाजूला सात खेळाडू, वीस मिनिटांचे दोन भाग आणि 'रबरी तळव्याचे बूट चालतील'. तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण तिकिटं स्वस्त मिळतायत या आनंदात होतो. पुढे स्पर्धा लांबली, मग फोन लागेना. वर्गणी देणाऱ्या एका काकांनी वर्षभर मला बघून रस्ता बदलला.

त्यामुळे पैसे भरण्याआधी त्यांच्याकडून नियमांचा कागद मागवा आणि वर लिहिलंय त्याच्याशी ताडून बघा. ज्याला तीन भाग आणि अनवाणी एवढंही माहीत नाही, तो बीच सॉकर भरवत नाहीये, हॉटेलच्या खोल्या विकतोय. नियम जुळले तर गेल्या वर्षीचे निकाल मागा, आणि त्यात खेळलेल्या एखाद्या क्लबला तुम्ही स्वतः शोधून लिहा. त्यांनी दिलेल्या नंबरवर नको.

खऱ्या मोठ्या स्पर्धांमध्ये सहसा नुसती फी भरून शिरता येत नाही, हेही लक्षात असू द्या. मुंदियालितो ही बार्सिलोना शहरातल्या बीच सॉकर वर्ल्डवाइड या संस्थेची, तिथे निमंत्रण यायचं ते नाव असलेल्या क्लबांना. युरो विनर्स कप २०१३ला इटलीत सॅन बेनेदेत्तो देल ट्रोंटोला सुरू झाला, पुढे पोर्तुगालच्या नाझारेला गेला. २०१७ ते २०१९ सलग तीन वेळा ब्रागा या पोर्तुगालच्या क्लबने जिंकला. पण तो युरोपातल्या क्लबांचा. शिवाय क्लबाच्या नावाला भुलू नका, वाळूवरचे अव्वल खेळाडू एकाच वर्षात दोन-तीन क्लबांकडून खेळताना दिसतात. मोसम छोटा, स्पर्धा आठवडाभराच्या, बिचाऱ्यांनी करायचं काय.

तुमच्या पोरांसाठी मला जो रस्ता दिसतो तो क्लबचा नाही, एकेका खेळाडूचा आहे. जिल्हा फुटबॉल संघटनेकडे नोंदणी, राज्य संघाची निवड चाचणी कधी आहे यावर लक्ष, मग राष्ट्रीय स्पर्धा. २०२३च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही बीच सॉकर होतं, २०२५च्या मे महिन्यात दीवला खेलो इंडिया बीच गेम्समध्येही होतं. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये आपला देशाचा संघ थायलंडमध्ये पट्टायाला आशियाई चषक खेळला, २००७ नंतर पहिल्यांदाच. म्हणजे रांग अजून लांब झालेली नाही.

परदेशाच्या फीचे पैसे असतीलच तर त्यातून आधी वाळू घ्या आणि एका शनिवारी जव्हारमार्गे डहाणू-बोर्डीला जा. साडेतीन-चार तासांचा रस्ता. ओहोटीला दोन बांबूंचे गोल ठोका, आतून आतून अंतर साडेपाच मीटर, उंची २.२ मीटर, आणि तीन भागांचा पूर्ण सामना खेळवा. तिसऱ्या भागात कोण उभा राहतो ते वहीत लिहून ठेवा. चेंडूत हवा नेहमीपेक्षा कमी भरा, नाहीतर उघड्या पायाला झिणझिण्या येतात. आणि उन्हाळ्यात जाणार असाल तर नऊच्या आत आटपा. आमच्या गोलकीपरने दुपारी बाराला हट्टाने पेनल्टी अडवायची म्हटलं, आणि तो गोलरेषेवर उभा राहून नाचत होता, ते पेनल्टीमुळे नव्हे.