तिसऱ्या कन्कशनची वाट पाहू नका

न्यू जर्सीतल्या एडिसनजवळून एका आईचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, अशी त्यांची विनंती आहे. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत, शाळेच्या व्हार्सिटी, म्हणजे मुख्य, अमेरिकन फुटबॉल संघात लाइनबॅकर, म्हणजे समोरच्याला अडवून पाडणारा बचावपटू. नववीत असताना सरावात एकदा कन्कशन, म्हणजे डोक्याला धक्का बसून मेंदूला होणारी इजा, झालं, गेल्या ऑक्टोबरात सामन्यात दुसरं. दुसऱ्या वेळी डोकं दुखतंय हे त्याने आठ दिवस घरात कोणालाच सांगितलं नाही, कारण पुढे प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीचे सामने, होते. आता कोच म्हणतात की डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटातल्या, कॉलेजांची त्याच्यावर नजर आहे. वडील खूश आहेत, ‘आम्ही कबड्डीत काय कमी आपटलो?’ असं विचारतात. आईला रात्र रात्र झोप नाही. त्यांनी विचारलंय : ‘तिसरं झालं की थांबवायचं, असं ठरवलं तर चालेल का? आणि खरंच यात करिअर आहे का?’

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण दुसऱ्याचं त्यातच दडलेलं आहे.

तिसऱ्याची वाट पाहू नका. तिसरं भयंकर असेल म्हणून मी हे म्हणत नाही. कन्कशन मोजत बसण्याचा हिशोबच चुकीचा आहे. बॉस्टन विद्यापीठात डॉ. अ‍ॅन मकी यांचा गट गेली अनेक वर्षं मृत खेळाडूंचे दान केलेले मेंदू तपासतो आहे. २०२३ मध्ये तिथल्या संशोधकांनी ६३१ फुटबॉल खेळाडूंच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. सीटीई, म्हणजे क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी हा मेंदूचा ऱ्हास कोणाला झाला होता, हे डॉक्टरांनी नोंदवलेल्या कन्कशनच्या संख्येवरून सांगता येत नव्हतं. ते सांगता येत होतं आयुष्यभरात डोक्याला एकूण किती धक्के बसले आणि ते किती जोराचे होते, यावरून. त्यात ज्यांनी चक्कर आली नाही, डोकं दुखलं नाही, ज्यांची कुठे नोंद झाली नाही असे हजारो छोटे धक्केही आले. त्याच गटाच्या २०१९ च्या अभ्यासात खेळाच्या दर २.६ वर्षांमागे सीटीईची शक्यता दुप्पट होताना दिसली होती.

म्हणून ‘किती कन्कशन झाली’ याऐवजी ‘आणखी किती वर्षं’ असं विचारा.

मुलाच्या बाबांच्या कबड्डीबद्दलही इथेच सांगते. कबड्डीत डोकं आपटलं तर तो अपघात. लाइनबॅकरचं काम मुळात धडकण्याचंच. लाइनमन, म्हणजे आघाडीच्या रांगेतला खेळाडू, तर जवळजवळ प्रत्येक चालीत समोरच्याला भिडतो, सरावात आणि सामन्यात, वर्षानुवर्षं.

हेल्मेट असतं की, असं सगळेच म्हणतात. सुकलेला नारळ कानाशी हलवून बघा, आत गोटा खुळखुळतो. त्या नारळावर कितीही जाड सोडण चढवलं तरी करवंटी वाचेल, आतला गोटा आपटायचा तो आपटणारच. मेंदू इतका मोकळा नसतो, त्याच्याभोवती द्रव असतो. पण डोकं झटक्यात थांबलं किंवा गर्रकन फिरलं की तो आत सरकतो, पिळला जातो आणि त्याचे बारीक तंतू ताणले जातात. हेल्मेटने कवटी फुटायची वाचते, आणि त्यासाठी ते हवंच. हा पीळ मात्र हेल्मेटला पुरता थांबवता येत नाही. सीटीईमध्ये मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती टाऊ नावाचं प्रथिन साचत जातं. खेळ सोडल्यावरही ते पसरत राहू शकतं.

हे ज्ञान नवं नाही. तुमच्या घरापासून फार लांब नसलेल्या न्यूअर्कमध्ये हॅरिसन मार्टलँड नावाच्या डॉक्टरांनी १९२८ मध्येच बॉक्सरांच्या मेंदूच्या या दुखण्याबद्दल लिहिलं होतं. फुटबॉलला मात्र ते कबूल करायला फार वेळ लागला. एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमधल्या पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचा माइक वेब्स्टर २००२ मध्ये पन्नासाव्या वर्षी वारला. चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकलेला माणूस शेवटी गाडीत राहत होता, साध्या गोष्टी विसरत होता. त्याचं शवविच्छेदन नायजेरियातून आलेल्या डॉ. बेनेट ओमालू या तरुण डॉक्टरकडे आलं. ओमालूंनी त्याच्या मेंदूत जे पाहिलं ते २००५ मध्ये प्रसिद्ध केलं, तेव्हा लीगच्या कन्कशन समितीतल्या डॉक्टरांनी तो लेख मागे घ्यावा अशी मागणी केली. त्या समितीचा प्रमुख अनेक वर्षं एक सांधेदुखीचा तज्ज्ञ होता. फुटबॉल आणि सीटीई यांचा संबंध आहे, हे लीगच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने उघडपणे मान्य केलं २०१६ च्या मार्चमध्ये, वॉशिंग्टनमध्ये लोकप्रतिनिधींसमोर. तोवर हजारो माजी खेळाडू कोर्टात गेले होते, आणि त्या दाव्यांच्या तडजोडीतून आजवर एक अब्ज डॉलरहून जास्त भरपाई दिली गेली आहे. ती देतानाही काळ्या खेळाडूंची बुद्धी मुळातच कमी धरणारी मोजपट्टी वापरली जात होती. ती बंद करायचं २०२१ मध्ये ठरलं. हे लिहिताना माझा हात आजही थरथरतो.

हा इतिहास मी मुद्दाम सांगितला. कोणत्याही मुलाशी करिअरबद्दल बोलताना मी एक गोष्ट विचारते : या कामातला धोका तुला कोण सांगणार आहे, आणि तो न सांगण्यात त्याचा फायदा आहे का? कोच तुमच्या मुलावर प्रेम करत असतील, मला शंका नाही. पण त्यांना शुक्रवारी रात्रीच्या सामन्याला लाइनबॅकर लागतो.

आता आकड्यांची दुसरी बाजूही नीट बघा, नाहीतर घरात नुसती घबराट होईल. बॉस्टनच्या गटाने २०१७ मध्ये एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूत सीटीई सापडल्याचं सांगितलं, आणि २०२३ पर्यंत तो आकडा ३७६ पैकी ३४५ झाला. याचा अर्थ दहातल्या नऊ खेळाडूंना हा आजार होतो, असा लावू नका. माणसाच्या वागण्यात, स्मृतीत काहीतरी बिघडलेलं पाहिल्यावरच बहुतेक कुटुंबं मेंदू दान करतात. ठणठणीत राहून म्हातारा झालेल्या खेळाडूचा मेंदू त्या प्रयोगशाळेत क्वचितच पोहोचतो. २०१७ च्या त्याच अभ्यासात ज्यांचा खेळ शाळेतच संपला अशा १४ जणांपैकी तिघांमध्ये सीटीई सापडला, तोही सौम्य. म्हणजे तुमचा मुलगा आज जिथे उभा आहे तिथून मागे फिरणं आणि आणखी दहा वर्षं पुढे जाणं, यात फार मोठा फरक आहे.

आणखी एक. जिवंत माणसात सीटीईचं पक्कं निदान आज करता येत नाही, ते मृत्यूनंतरच होतं. म्हणून तुमचा मुलगा चिडला, विसरला, उदास झाला तर ‘झालं, तेच झालं’ असं घरात कोणी म्हणायचं नाही. कन्कशननंतरची डोकेदुखी, बिघडलेली झोप, नैराश्य यांवर उपचार आहेत आणि ते लागूही पडतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी एका माणसाबद्दल जरा सविस्तर सांगते. जॉन अर्शेल. पेन स्टेट विद्यापीठात तो फुटबॉल खेळला आणि तिथेच गणितात एम.ए. झाला. २०१४ मध्ये एनएफएलच्या बाल्टिमोर रेव्हन्स संघाने त्याला घेतलं. २०१५ च्या सराव शिबिरात त्याला कन्कशन झालं आणि तो बेशुद्ध पडला. काही आठवड्यांत तो मैदानावर परतला, पण वरच्या दर्जाचं गणित पूर्वीसारखं करता यायला त्याहून जास्त वेळ लागला, असं त्याने स्वतःच सांगितलं आहे. तरीही तो खेळत राहिला, २०१६ पासून एमआयटीत पीएचडीही करू लागला. मग जुलै २०१७ मध्ये ते १११ मेंदूंचं संशोधन प्रसिद्ध झालं आणि दोनच दिवसांनी सव्वीस वर्षांच्या अर्शेलने निवृत्ती जाहीर केली. पूर्णवेळ शिकायचंय आणि घरात पहिलं बाळ येणार आहे, अशी कारणं त्याने दिली. २०२१ मध्ये पीएचडी झाली, आता तो एमआयटीतच गणित शिकवतो.

मराठी घरांत ही गोष्ट ‘बघ, शेवटी अभ्यासच कामाला आला’ अशी सांगितली जाईल याची मला भीती वाटते. कृपा करून मुलाला ती तशी सांगू नका. अर्शेलचं फुटबॉलवर मनापासून प्रेम होतं, आजही आहे. मला त्यातलं वेगळंच महत्त्वाचं वाटतं : मैदानावर परतायला डोकं तयार झालं होतं, गणिताला अजून झालं नव्हतं. तुमच्या मुलाला शाळेने खेळायची परवानगी दिली, तेव्हा फिजिक्स पूर्वीसारखं जमतंय का, हे त्याला कोणी विचारलं होतं का?

करिअर म्हणून पाहायचं तर गणित असं आहे. अमेरिकेत दहा लाखांच्या आसपास मुलं शाळेत फुटबॉल खेळतात. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या अंदाजानुसार त्यांतली शंभरातली सातेक कॉलेजच्या संघांत पोहोचतात, तीही सगळे लहानमोठे विभाग धरून. तिथून ड्राफ्टला, म्हणजे एनएफएल संघांच्या खेळाडू-निवडीला, पात्र ठरणाऱ्या शंभरातले दोनसुद्धा एनएफएलमध्ये जात नाहीत. पोहोचलेल्यांची सरासरी कारकीर्द खेळाडूंची संघटना तीन-साडेतीन वर्षांची सांगते. लीग वेगळ्या पद्धतीने मोजून ती जास्त दाखवते. कसंही मोजलं तरी तिशीच्या आसपास दुसरं आयुष्य सुरू करावंच लागतं आणि त्यासाठी हाताशी मेंदूच असतो.

तेव्हा माझं मत स्पष्ट सांगते. एनएफएल ही त्याच्या करिअरची योजना होऊ शकत नाही. दुसऱ्या कन्कशनला एक वर्षही झालेलं नाही आणि आठ दिवस लक्षणं लपवलेली आहेत, अशा स्थितीत येत्या हंगामात त्याने टॅकल, म्हणजे माणूस पाडण्याचं, फुटबॉल खेळू नये असं मला वाटतं. त्याच्या डोक्याबद्दलचा निर्णय डॉक्टरांचा. कन्कशनचे रुग्ण नेहमी पाहणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टला किंवा न्यूरोसायकॉलॉजिस्टला दाखवा आणि ते आठ दिवस त्यांच्यापासून लपवू नका. पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर काय होतं, याची किंमत वॉशिंग्टन राज्यातल्या झॅकरी लिस्टेट या मुलाने २००६ मध्ये तेराव्या वर्षी मोजली. कन्कशनची शंका आली की मुलाला मैदानाबाहेर काढायचं, असं सांगणारा कायदा त्याच्या नावाने २००९ मध्ये झाला, आणि तसे कायदे आज सगळ्या राज्यांत आहेत. पण मुलगा बोललाच नाही तर कायदा काय करणार?

आणि मुलाला दोष देऊ नका. २०२२ च्या २५ सप्टेंबरला एनएफएलच्या मायामी डॉल्फिन्स संघाचा टुआ टागोवाइलोआ डोकं आपटून उठताना सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लडखडला. पाठीचं दुखणं आहे असं सांगितलं गेलं. चौथ्या दिवशी तो पुन्हा खेळला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. डॉक्टरांची फौज शेजारी उभी असताना हे झालं. मग प्लेऑफच्या तोंडावर एका सोळा वर्षांच्या पोराकडून आपण किती अपेक्षा करायची?

समजा घरात चर्चा होऊन त्याने खेळत राहायचंच ठरलं, तर कोचना सरावाबद्दल विचारा. २०१९ पासून तुमच्या राज्यात शालेय हंगामात पूर्ण धडकेचा सराव आठवड्याला फक्त पंधरा मिनिटं करता येतो. ते पाळलं जातं का? कॉलेज निवडतानाही हाच प्रश्न. डार्टमथ कॉलेजने २०१० पासून सरावात एकमेकांना टॅकल करणं बंद केलं आणि तरी ते जिंकत राहिले. पुढे २०१६ मध्ये आयव्ही लीगच्या, म्हणजे डार्टमथसह आठ जुन्या नामांकित विद्यापीठांच्या गटाच्या, सगळ्या कोचनी हंगामातल्या सरावापुरतं तेच ठरवलं. आयव्ही लीगमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते, हेही बाबांच्या कानावर घाला.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मात्र मला फार आवडलं. तो रात्री समोरच्या संघाचे व्हिडिओ थांबवून थांबवून बघतो आणि त्यांच्या चाली वहीत काढतो, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. ताई, ती वही जपा. बावीस माणसांच्या हालचाली वाचून पुढची चाल ओळखणं ही दुर्मीळ बुद्धी आहे. संघांना सामन्यांचं विश्लेषण करणारी माणसं लागतात, कोच लागतात. फिजिक्स आवडत असेल तर बायोमेकॅनिक्स, म्हणजे शरीराच्या हालचालींचं शास्त्र, आहे, हेल्मेटचे आणि धक्क्यांचे प्रश्न अजून सुटलेले नाहीत. अ‍ॅथलेटिक ट्रेनर, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती सांभाळणारा तज्ज्ञ, होण्यासाठी आता मास्टर्स लागतं, पण मैदानाकडेला उभं राहून ‘हा आज खेळणार नाही’ असं म्हणणारा माणूस तोच असतो. एनएफएलच्या संघांत राहिलेला मायरन रोल आज मेंदूचा शल्यविशारद आहे. आणि अंगातली रग कुठे जिरवायची असेल तर फ्लॅग फुटबॉल २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये येतंय. त्यात कमरेची पट्टी ओढायची असते, माणूस पाडायचा नसतो.

हे सगळं त्याला एका बैठकीत सांगू नका. संघ सुटणं म्हणजे त्याच्यासाठी मित्र सुटणं, शुक्रवारची संध्याकाळ सुटणं, शाळेतली ओळख सुटणं. त्याचं दुःख खरं असेल, ते त्याला करू द्या.

सुरुवात त्या आठ दिवसांपासून करा. बाबांनाही सोबत बसवा आणि तुम्ही दोघांनी फक्त ऐका. उजेड सहन होत होता का, वर्गात काय होत होतं, कोणाला सांगावंसं वाटलं आणि का सांगितलं नाही, हे त्याच्याकडून समजून घ्या. तो जे सांगेल ते डॉक्टरांकडे जाण्याआधी कागदावर लिहून ठेवा. आणि त्याची हरकत नसेल तर मलाही कळवा.