वर येणारे संघ: बेसबॉल २०२६, वाचकांचे प्रश्न

मार्च उजाडला की बहुतेक पत्रांत एकच प्रश्न असतो: डॉजर्स पुन्हा जिंकणार का? लॉस एंजेलिसच्या या संघानं २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका, जिंकली, तेव्हा लोक विचारणारच. पण यंदा बऱ्याच जणांनी तळाच्या संघांबद्दल लिहिलंय आणि मला त्याचा फार आनंद झाला. माझा जीव तिथेच अडकलेला असतो. नवा हंगाम मार्चअखेर सुरू होतोय, म्हणून या अंकात मुख्यतः त्याच पत्रांना उत्तरं देते.

ताई, मी क्रिकेट बघत मोठा झालो. बेसबॉल आत्ता कुठे कळायला लागलाय. जिंकणाऱ्यांच्या मागे सगळेच धावतात, मला वर येणारा एखादा संघ आधीपासून धरायचा आहे. तो ओळखायचा कसा? (ठाणे)

जिंकलेल्या सामन्यांचा तक्ता थोडा वेळ बाजूला ठेवा आणि धावा बघा. वर्षभरात संघानं केल्या किती आणि दिल्या किती. मी आयुष्यभर जमाखर्चाचं काम केलं, म्हणून मला हे आवडतं असं समजू नका. या खेळात खरोखरच याहून प्रामाणिक आकडा नाही.

बिल जेम्स या अभ्यासकानं एक साधं सूत्र दिलंय. केलेल्या धावांचा वर्ग करा. दिलेल्या धावांचाही वर्ग करा. पहिल्या वर्गाला दोन्हींच्या बेरजेनं भागा आणि येईल त्याला १६२ नं गुणा, कारण हंगामात सामने तेवढेच. संघानं साधारण किती सामने जिंकायला हवे होते ते कळतं. गेल्या वर्षीचा कोलोरॅडो रॉकीज घ्या. ५९७ धावा केल्या, १०२१ दिल्या. सूत्र म्हणतं ४१ विजय. प्रत्यक्षात ४३ जिंकले, ११९ हरले. म्हणजे त्यांचं नशीब वगैरे काही वाईट नव्हतं, संघच तेवढा होता.

आता क्लीव्हलँड गार्डियन्स बघा. ८८ सामने जिंकून त्यांनी गट जिंकला, पण धावा केल्या ६४३ आणि दिल्या ६४९. सूत्रानं ८० विजय येतात. त्याच गटात तळाला शिकागो व्हाइट सॉक्स: विजय ६०, धावा ६४७, दिलेल्या ७४२. सूत्रानं ७०! तक्त्यात दोघांत २८ विजयांचं अंतर आहे, धावांच्या हिशेबात फक्त दहाचं. हा फरक अटीतटीच्या सामन्यांत पडतो. क्लीव्हलँडकडे शेवटच्या इनिंग्ज (सामन्यात नऊ असतात) सांभाळणारे चांगले पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, होते, त्यामुळे त्यांचं सगळं यश नशिबाच्या खात्यात मी टाकणार नाही. पण एका धावेनं निसटणारे सामने पुढच्या वर्षी त्याच बाजूला निसटतील असं धरून चालता येत नाही.

दुसरं, धावा कोण करतंय ते बघा. पस्तिशीतल्या खेळाडूनं केलेल्या ३० होमरनना (आपल्या षटकारासारखे फटके) उद्या नसतो. बाविशीतल्या पोरानं जुलैनंतर केलेल्या २० होमरनना असतो. आणि तिसरं म्हणजे भरवशाचे दोन पिचर कुणी आणले का. कॅन्सस सिटी रॉयल्स २०२३ मध्ये १०६ सामने हरले होते. त्यांनी सेथ लुगो आणि मायकल वाका हे दोन अनुभवी पिचर घेतले, बॉबी विट ज्युनियरनं ३३२ च्या सरासरीनं बॅटिंग केली (इथे हजारात मोजतात: हजार संधींमागे ३३२ यशस्वी फटके, म्हणजे हिट), आणि २०२४ मध्ये ५६ विजयांचे ८६ झाले. एका वर्षात!

तुम्ही विचारलंत म्हणून एकच नाव सांगते: व्हाइट सॉक्स धरा. का, ते पुढच्या पत्रात आहे.

माझा तेरा वर्षांचा मुलगा व्हाइट सॉक्सवेडा आहे. शाळेत सगळे कब्सवाले, म्हणजे शिकागोच्याच दुसऱ्या संघाचे, रोज चिडवतात. त्याला काही आशा दाखवता येईल का? (नेपरव्हिल, इलिनॉय)

त्यालाच लिहिते, त्याला वाचून दाखवा.

बाळा, २०२४ मध्ये तुझा संघ १२१ सामने हरला. आधुनिक बेसबॉलमध्ये इतके सामने कुणीच हरलेलं नाही. ते मान्य करून टाक, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण गेल्या वर्षी विजय ४१ वरून ६० झाले, आणि वर सांगितलं तसं, खरा संघ ७० च्या आसपासचा होता. चिडवणाऱ्यांना धावांचा हिशेब करून दाखव. कागद-पेन्सिल पुरते.

आता कोल्सन माँटगोमरीकडे नीट बघ. गेल्या वसंतात ट्रिपल-ए मध्ये (मुख्य लीगच्या एक पायरी खाली) त्याची बॅटिंग इतकी बिघडली होती, की क्लबनं त्याला सामन्यांतून काढून अॅरिझोनाला पाठवलं. तिथे प्रेक्षक नाहीत, स्कोअरबोर्ड नाही, फक्त बॅटचा स्विंग दुरुस्त करायचा. ४ जुलैला तो मुख्य संघात आला आणि उरलेल्या ७१ सामन्यांत त्यानं २१ होमरन मारले. शॉर्टस्टॉपवर, म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या अवघड जागी, खेळणाऱ्या नवख्या मुलानं! तुझ्या संघानं गॅरेट क्रोशे हा उत्तम डावखुरा पिचर बॉस्टनला दिला तेव्हा शिकागोत लोक हळहळले होते. त्या बदल्यात आलेले काइल टील आणि चेस मायड्रॉथ आज संघात आहेत.

आणि जपानहून मुनेताका मुराकामी येतोय. २०२२ मध्ये त्यानं तिकडे ५६ होमरन मारले होते. जपानमध्ये जन्मलेल्या कुठल्याही खेळाडूचा तिथल्या एका हंगामातला हा विक्रम आहे. पूर्वीचा ५५ चा आकडा सादाहारू ओ यांचा होता. मुराकामी स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) खूप होतो. एप्रिलमध्ये वेगवान चेंडूंवर तो चुकेल, तेव्हा घाबरू नकोस. मित्रांशी पैज लावायचीच असेल तर ७० विजयांवर लाव, प्लेऑफवर नको.

मायामी मार्लिन्स ६२ विजयांवरून ७९ वर आले. यंदा ९० पक्के ना? (फोर्ट लॉडरडेल)

मला तसं वाटत नाही, आणि कारण तेच. ७०९ धावा केल्या, ७९८ दिल्या. सूत्रानं ७१ विजय. व्हाइट सॉक्सचं जे झालं त्याच्या बरोबर उलट. यंदा ते ७६ जिंकले तर तुम्हाला घसरण वाटेल, मला वाटणार नाही.

बघण्यासारखं मात्र भरपूर आहे. काइल स्टोअर्सनं २५ होमरन मारले. तो बाल्टिमोरकडून पिचर ट्रेव्हर रॉजर्सच्या बदल्यात आलेला. पुढे रॉजर्सही बाल्टिमोरसाठी अप्रतिम खेळला, तेव्हा असा सौदा ज्यात दोघांचं भलं झालं, विरळाच. पिचर एउरी पेरेझ कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर गेल्या जूनमध्ये परतला. सहा फूट आठ इंचांचा हा मुलगा निरोगी राहिला, तर मार्लिन्सच्या दिलेल्या धावा कमी होतील. तेवढ्या एका गोष्टीवर लक्ष ठेवा.

अॅथलेटिक्स हा संघ आमच्या गावात दोन-तीन वर्षांचा पाहुणा. जाणाऱ्या संघावर जीव लावावा का? (फॉल्सम, कॅलिफोर्निया)

लावा. १९६८ पासून ते ओकलंडमध्ये होते आणि तिथल्या लोकांना सोडून आले, ते दुःख मी विसरलेले नाही. २०२८ मध्ये लास व्हेगासला जायचा बेत आहे, तेही खरं. पण जी पोरं आज वेस्ट सॅक्रामेंटोच्या त्या छोट्या मैदानावर खेळतायत, त्यांचा त्यात काय दोष? सुमारे १४ हजार जागांच्या स्टेडियममध्ये निक कर्ट्झला इतक्या जवळून बघायला मिळणं ही तुमची चंगळ आहे. मोठ्या शहरात त्यासाठी खिसा रिकामा होतो.

मागच्या २५ जुलैला ह्यूस्टनमध्ये या कर्ट्झनं सहा वेळा बॅटिंग केली, सहाही वेळा हिट, त्यातले चार होमरन, संघाला आठ धावा मिळवून दिल्या. एका सामन्यात चार होमरन मारणारा तो पहिलाच नवोदित. मी स्कोअरबुक हातानं भरते. त्या रात्री त्याच्या नावापुढची एकही चौकट रिकामी किंवा खोडलेली नाही, सगळ्या भरलेल्या. रुकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवोदित) त्यालाच मिळालं, आणि दुसरा आला तो त्याच संघातला शॉर्टस्टॉप जेकब विल्सन, सरासरी ३११.

विजय ७६ च झाले, कारण मे-जूनमध्ये २१ पैकी २० सामने हरले. उरलेल्या १४१ सामन्यांत ७५ विजय आणि ६६ पराभव आहेत. वाईट महिना वजा करून हिशेब मांडणं बरोबर नाही, तेही सामने खेळलेच होते. तरी बॅटिंग खरी आहे. ८१७ धावा दिल्या, घोडं तिथे अडलंय. पिचिंग सुधारली नाही, तर कर्ट्झनं कितीही मारोत, प्लेऑफ दूरच.

तुम्ही इतकी वर्षं पिट्सबर्गला राहता आणि पायरेट्सबद्दल लिहीत नाही. का? (पेन हिल्स, देवळात भेटणारी एक वाचक)

प्रेमाच्या माणसाबद्दल लिहिताना हात सैल सुटतो, म्हणून आवरते. पण यंदा लिहायला कारण आहे.

पायरेट्स २०१५ नंतर प्लेऑफमध्ये गेलेले नाहीत. वर्ल्ड सिरीज शेवटची जिंकली १९७९ मध्ये. गेल्या वर्षी ५८३ धावा आणि ११७ होमरन, दोन्ही आकडे तीसही संघांत सगळ्यांत कमी. आणि याच संघात पॉल स्कीन्स आहे, ज्याला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमतानं मिळाला. त्याचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावांची सरासरी, १.९७ होता. तरी त्याचे विजय दहा आणि पराभवही दहा! १८ मे रोजी फिलाडेल्फियात त्यानं पहिल्यांदाच पूर्ण सामना एकट्यानं टाकला, आठ इनिंग्जमध्ये (पुढे असलेला यजमान नववी खेळत नाही) फक्त एक धाव दिली, आणि आपण ०-१ नं हरलो. स्कोअरबुकच्या त्या पानावर आपल्या बाजूला नुसती शून्यं आहेत. मला ते पान उघडवत नाही.

पण हिशेब करा. ६४५ धावा दिल्या, त्या चांगल्या संघासारख्या आहेत. सूत्रानं ७३ विजय येतात, झाले ७१. यंदा तेवढ्याच धावा देऊन ६८० केल्या, तर सूत्र सांगतं ८५. सिनसिनाटी रेड्स गेल्या वर्षी ८३ विजयांवर प्लेऑफमध्ये गेले. म्हणजे शंभरेक धावांचा प्रश्न आहे.

त्या कुठून येतील? क्लबनं ब्रँडन लो आणि रायन ओहर्न हे दोन डावखुरे बॅटर आणलेत, आणि इथे आमच्या मैदानाची, पीएनसी पार्कची, मापं बोलतात. डावीकडचा मधला कोपरा ४१० फूट खोल, उजव्या बॅटरचे उंच फटके तिथे झेलले जातात. उजवीकडे, जिथे डावखुऱ्यांचे फटके जातात, मात्र कुंपण फाउल लाइनवर (मैदानाच्या कडेच्या रेषेवर) ३२० फुटांवर. भिंत २१ फूट उंच आहे, पायरेट्सचा दिवंगत दिग्गज रॉबर्टो क्लेमेंटेच्या २१ नंबराच्या आठवणीत, पण नीट बसलेला फटका तिच्यावरून अॅलेघनी नदीच्या दिशेनं जातो. लोनं गेल्या वर्षी टँपा बे रेज संघाकडून ३१ होमरन मारले. ही खरेदी मैदान बघून केलेली आहे, नाव बघून नाही. कित्येक वर्षांत मला आमच्या क्लबचं इतकं पटलं नव्हतं.

शॉर्टस्टॉप कॉनर ग्रिफिन एप्रिलमध्ये वीस वर्षांचा होईल. सगळं गाव त्याच्या वाटेला डोळे लावून बसलंय. माझं म्हणणं, त्याला घाई करू नये. गेल्या मे महिन्यात डॉन केली मॅनेजर (म्हणजे मुख्य प्रशिक्षक) झाल्यापासून संघ ५९-६५ असा खेळला, आधी १२-२६ होता. म्हणजे घर आधीच सावरायला लागलंय, पोराच्या खांद्यावर छप्पर ठेवायची गरज नाही.

बाल्टिमोर ओरिओल्सना यात धराल का? (कोलंबिया, मेरिलँड)

नाही. २०२३ मध्ये १०१ सामने जिंकलेला संघ गेल्या वर्षी ७५ वर आला, तो वर येणारा नव्हे, परत येणारा. पीट अलोन्सोला पाच वर्षांसाठी १५५ दशलक्ष डॉलर देऊन आणलंय. या पानावर ज्यांच्याबद्दल विचारलंय त्या सगळ्या संघांत प्लेऑफची शक्यता त्यांचीच जास्त, हे मात्र नक्की.

यंदा बेसबॉलमध्ये डीआरएससारखं काही येतंय म्हणे? (नाशिक)

येतंय. चेंडू स्ट्राइक (ठरलेल्या पट्ट्यात) की बॉल (त्याबाहेर) यावर पंचाला आव्हान देता येईल. प्रत्येक संघाला दोन आव्हानं, बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं. फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचरनंच (आपल्या यष्टीरक्षकासारखा), तेही लगेच, डोक्यावर हात टेकवून मागायचं. डगआउटमधून खुणा चालणार नाहीत. शांत डोक्याचा कॅचर असलेल्या संघाला याचा फायदा होईल असं मला वाटतं.

भारतातून हे सामने झोपमोड न करता बघता येतात का? (पुणे)

रविवार धरा. पूर्व किनाऱ्यावर दुपारी १.३५ चा सामना आपल्याकडे रात्री ११.०५ ला लागतो, शिकागोचा १.१० चा ११.४० ला. पूर्वेकडचे रात्रीचे सामने पहाटे साडेचारच्या सुमारास, त्यांच्या नादी लागू नका. अॅथलेटिक्सचा घरचा रात्रीचा सामना मात्र सकाळी सात-साडेसातच्या सुमारास सुरू होतो, पोह्यांसोबत कर्ट्झची पहिली बॅटिंग होऊन जाते. पूर्ण सामना नको असेल तर एमएलबीच्या, म्हणजे या लीगच्या, यूट्यूब वाहिनीवर संक्षिप्त सामने फुकट असतात. स्कीन्स असेल त्या दिवशी तरी संक्षिप्त बघू नका, त्याचा प्रत्येक चेंडू बघा.