लॅमिंग्टन रोडला जायच्या आधी

प्रिय बाबू,
अ. आ.

दिवाळीआधी दुरुस्तीचं दुकान टाकतो, पन्नास हजार घेऊन विदर्भ एक्सप्रेसनं मुंबई गाठतो आणि लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सगळा माल एकदाच भरून आणतो, असं तू परवा तुझ्या बाबांसमोर म्हणाला. मी तेव्हा गप्प बसलो, पैशाची गोष्ट चारचौघांत नको म्हणून. आता लिहितो. जा, जरूर जा. पण पन्नास हजारांचा माल आणू नको.

काहून, ते सांगतो. व्हॉल्व्हच्या रेडिओचा जमाना होता तेव्हा घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टात लायसनचे पैसे भरावे लागत. त्या रस्त्यावर तेव्हा व्हॉल्व्ह, गँग कंडेन्सर, बँड स्विच हेच मिळे. मग ट्रान्झिस्टर आले. १९८२ मध्ये एशियाडच्या वर्षी दूरदर्शन रंगीत झालं आणि पुढं बरीच वर्षं तिथं पिक्चर ट्यूब, एलओटी (ट्यूबला जास्त व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर), अँटेनाचे बूस्टर चालले. सोबतीला कॅसेट डेकचे हेड अन् बेल्ट. नव्वदीत कॉम्प्युटर आला. आपल्या सरकारनं १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या जागतिक व्यापार करारात भाग घेतला आणि २००५ पर्यंत अशा बहुतेक मालावरचं आयात शुल्क शून्यावर आलं. मग काय, काउंटरवर मदरबोर्ड, रॅम, कॅबिनेटच्या थप्प्या. लोक कागदावर यादी लिहून चार दुकानांत भाव विचारत आणि संध्याकाळी जोडलेला कॉम्प्युटर घेऊन लोकलमध्ये चढत. आता जाशील तर सीसीटीव्ही, राऊटर, एलईडीच्या पट्ट्या, मोबाइलचे स्पेअर दिसतील आणि इंजिनिअरिंगची पोरं प्रोग्रॅम करता येणारे अर्डुइनोचे बोर्ड विचारताना दिसतील.

तिथला दुकानदार दरवेळी एका हंगामात बदलला. जुना माल मिळेल त्या भावात काढायचा आणि नवा मांडायचा. तो काढलेला माल कोण घेई? आपणच. मुंबईतून जी वस्तू गेली ती आपल्याकडं पुढं दहा वर्षं चाले. तिकडं लोक सपाट टीव्ही घेत होते तेव्हा आपल्या गावात डबा टीव्हीच होते, व्होल्टेजच्या चढउतारानं त्यांचे एलओटी उडत आणि आपली चूल पेटे. खरं सांगू का, तालुक्याच्या मेकॅनिकचा सगळा धंदा या मागं राहण्यावर उभा होता. आता ते अंतरच उरलं नाही. जो मोबाइल मुंबईत निघते तो आठवड्यात आपल्या बसस्टँडवर दिसते, आणि त्याचा डिस्प्ले तुझ्याआधी गिऱ्हाइकानंच मोबाइलवर मागवलेला राहते. तुझ्या पन्नास हजारांच्या डिस्प्ले-बॅटऱ्या दोन वर्षांत रद्दीच्या भावाच्या होतील. विश्वास नसेल तर आपल्या लायनीतल्या कोणत्याही जुन्या दुकानाचं वरचं फडताळ उघडून पाहा. न फोडलेल्या खोक्यांत व्हीसीआरचे बेल्ट निघतील.

मग जायचं कशाला? तिथल्या माणसांसाठी. वयस्क दुकानदार असलेली लहान दुकानं शोध. बीसी १४७ हा जुना ट्रान्झिस्टर मागितला तर ॲपवर "उपलब्ध नाही" येते. तो माणूस न पाहता बीसी ५४७ काढून देते आणि वरून सांगते, पाय तपासून लाव, क्रम वेगळा आहे. नुसता माल घेऊन निघू नको, बिघाड सांग. गर्दी दुपारनंतर वाढते, म्हणून दुकानं उघडल्या उघडल्या जा. रविवारी बहुतेक शटरं खाली राहतात.

असली-नकली ओळखायलाही तिथंच शिकशील. टू-एन-३०५५ हा जुना पॉवर ट्रान्झिस्टर घे. धातूची टोपी तीच, नंबर तोच, कंपनीचं नाव छापलेलं. संशय आला तर एकाचा बळी दे. व्हाइसमध्ये धरून हॅक्सॉच्या पात्यानं टोपी काप. असलीत आत सिलिकॉनचा चांगला मोठा चौकोन दिसते, नकलीत तिळाएवढा ठिपका. मिरवणुकीच्या ॲम्प्लिफायरमध्ये हा तीळ घातला की आवाज वाढवताच उडते, अन् शिव्या तुला पडतात. कंडेन्सरचंही तेच, मोठ्या डब्यात छोटा डबा.

आता तू काय दुरुस्त करशील, त्याचा विचार कर. मुंबईत जे चालतच नाही ते. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर एका रात्रीत हरभरा साफ करतात, म्हणून शेतोशेती कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं सोलरचं झटका मशीन आलं. त्यात काही फार नाही: बॅटरीवरून कंडेन्सर चार्ज होते, एससीआर (एक इलेक्ट्रॉनिक स्विच) तो सोडते, ट्रान्सफॉर्मरमधून तारेत काही हजार व्होल्टचा क्षणभराचा ठोका जाते, साधारण सेकंदाला एक. बहुतेक वेळा एससीआर नाहीतर कंडेन्सरच गेलेला राहते. शेतकऱ्याला ते कंपनीत पाठवून पंधरा दिवस थांबणं परवडत नाही, पीक उभं राहते. फवारणीच्या बॅटरी पंपाचंही तसंच. पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी सुरू झाली की चार्जर, स्विच, मोटर याच तक्रारी. मोटारपंप मोबाइलवरून चालू-बंद करणारे स्टार्टर वेगळेच.

(एक गोष्ट बजावून ठेवतो. कोणी म्हटलं की मशीन राहू दे, घरची लाइनच तारेला जोडून दे, तर त्याला दुकानाच्या बाहेर काढ. त्यानं माणसं मेली आहेत, वाघही मेले आहेत, आणि तो गुन्हा आहे. ओळखीचा असला तरी.)

म्हणून आधी दोन महिने मशीन उघड, काय काय जळते ते वहीत लिही, आणि ती वही घेऊन जा. आठ-दहा हजारांत एससीआर, कंडेन्सर, रिले, रेग्युलेटर पुष्कळ येतात. चांगली सोल्डरिंग आयर्न आणि क्लॅम्प मीटर घे, तिथं कंजुषी करू नको. बाकीचे पैसे बँकेत राहू दे. मोबाइलचे कव्हर-चार्जर लागले तर नागपूरच्या बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) आणता येतात, त्यासाठी मुंबई कशाला.

उतरताना दादरला उतर, पश्चिम रेल्वेची स्लो लोकल धर, ग्रँट रोडला पूर्वेला बाहेर पड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग दिसेल, गोंधळू नको. निघायच्या आधी वही मला दाखव. आणि येताना साठ-चाळीसच्या (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं) सोल्डरचं एक रीळ आण माझ्यासाठी, असली पाहून. पैसे आल्यावर देतो.

तुझा,
काका