तुकडीवर नेमणूक झालेल्या डॉक्टरला

प्रिय डॉक्टर,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. लष्करी तुकडीवर पाठवलं म्हणून नाराज दिसतेस. मोठ्या रुग्णालयात हात तयार झाला असता, इथे सिक परेडला, म्हणजे आजारी जवानांच्या रोजच्या तपासणीला, पायाचे फोड, जुलाब आणि कवायत चुकवू पाहणारे एवढंच येतं, अशी तुझी तक्रार. खरी आहे. पण पुढे वरिष्ठ व्हायचं असेल तर हे फोडच नीट बघ. तुकडीतल्या एकाच कंपनीच्या आठ-दहा जवानांच्या टाचा एकाच जागी सोलवटल्या असतील तर दुखणं त्या पोरांचं नाही, बुटांच्या नव्या खेपेचं आहे. मलम लावून परत पाठवणं कुणालाही जमतं. सामानसुमान पुरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, क्वार्टरमास्टरच्या खोलीत जाऊन ती खेप थांबवायला लावणं ही सैन्यातली डॉक्टरी. पुढची सगळी वर्षं तू हेच करणार आहेस, फक्त बुटांच्या जागी पाणी, डास आणि उंची येतील.

१९४३ साली ब्रह्मदेशच्या आघाडीवर ब्रिटिश सेनापती जनरल स्लिम यांनी हिशेब मांडला, तेव्हा एका जखमीमागे १२० जण आजारी म्हणून मागे आणले जात होते. बहुतेक मलेरिया आणि आमांश. मलेरिया टाळणाऱ्या मेपाक्रिनच्या गोळ्या होत्या, पण पोरं त्या घेत नव्हती. स्लिम यांनी अचानक रक्ततपासण्या सुरू केल्या, आणि गोळ्या घेणाऱ्यांचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या खाली दिसलं की त्या तुकडीच्या प्रमुखाला घरचा रस्ता. तिघांना काढावं लागलं, बाकीचे आपोआप सुधारले. गोळी डॉक्टरांची, हुकूम कमांडरचा. आपल्या हातात हुकूम नसतो, कितीही पट्टे चढले तरी. म्हणून कमांडरला पटेल अशा भाषेत, वेळेत आणि कागदावर सांगता येणं हे शस्त्रक्रियेइतकंच शिकून घे.

उन्हातली दौड घे. एखादा पोरगा शेवटच्या टप्प्यात तिरका धावायला लागतो, विचारलं तर भलतंच उत्तर देतो, उगाच अंगावर येतो. घामानं निथळत असतो, म्हणून सोबतचे म्हणतात, दमलाय. श्रमामुळे होणाऱ्या उष्माघातात घाम असू शकतो, हे अभ्यास घाईत उरकलेल्यांच्या ध्यानात राहत नाही. तापमान गुदद्वारातूनच घे, काखेतलं त्या वेळी फसवतं. ४० अंशांच्या वर गेलं असेल आणि भान हरपलं असेल तर बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसव, डोकं कुणाला तरी धरायला लाव, आणि ३९ च्या आसपास येईपर्यंत हलवू नकोस. आधी थंड, मग रुग्णवाहिका. आता गंमत बघ: हे सगळं करायला पाण्यानं भरलेला टब मैदानाच्या कडेला हवा. तो आदल्या आठवड्यात मागावा लागतो. 'ऊन फार आहे, धोका आहे' असं मोघम बोलून कुणी टब देत नाही. 'पहाटे निघालो तर अंतर तेवढंच राहील, उन्हाआधी परत येऊ, आणि तरी टब हवाच' असं सांगितलं की मिळतो. नकारासोबत पर्याय नेत जा.

उंचीवर हीच ओढाताण जास्त जीवघेणी होते. १९६२ च्या युद्धात सपाटीवरचे जवान घाईघाईनं हिमालयात चढवले गेले. त्यानंतर भारतीय लष्करी डॉक्टरांनी उंचीवर आजारी पडलेल्या १,९२५ जवानांचा जो अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला, तो जगभर वाचला गेला. विरळ हवेला शरीर सरावण्याचे दिवस आज ठरलेले असतात, तरी 'दोन दिवस कमी करता येतील का?' असं विचारणारा भेटतोच. त्याच्यावर रागावू नकोस, त्याच्यावर वरून दबाव असतो. किती जण फुफ्फुसात पाणी होऊन खाली आणावे लागू शकतात, आणि त्यांना आणायला किती धडधाकट माणसं लागतील, हे लिहून दे. निर्णय त्यानं घ्यावा, पण अंधारात घेऊ नये.

टेबलावरच्या कामाचा तुला तिटकारा आहे, हे ओळींच्या मधून कळलं. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातल्या जोनाथन लेटरमन या डॉक्टरनं १८६२ मध्ये काय केलं? रुग्णवाहिका क्वार्टरमास्टरच्या ताब्यातून काढून वैद्यकीय विभागाकडे आणल्या, त्यांना शिकवलेली माणसं दिली. एवढंच, कागदावरचा बदल. त्याच सप्टेंबरात अँटिटमच्या लढाईनंतर त्याच्या बाजूचे जखमी रणांगणावरून एका दिवसात उचलले गेले. आधीच्या लढाईत ते कित्येक दिवस तसेच पडून होते.

एका बाबतीत मात्र कमांडरचंही ऐकू नकोस. जखमींमध्ये आधी कोण, हे हुद्दा ठरवत नाही, आपला की शत्रूचा हेही नाही. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा करारात ते स्पष्ट लिहिलंय: अग्रक्रम फक्त तातडीच्या वैद्यकीय कारणानं. नेपोलियनचा सर्जन लारे हे दीडशे वर्षं आधीच करत होता.

कमांडरचं ऐकायचं की रुग्णाचं, हा पेच रोजच्या आयुष्यात फार साध्या रूपात येतो. मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तंदुरुस्तीची श्रेणी, खाली जाईल, बढती अडेल, या भीतीनं जवान दुखणं लपवतात. झोप लागत नाही, दारू वाढली आहे, असं कुणी तुला दार लोटून सांगितलं तर ते मेसमधल्या गप्पांत येता कामा नये. एकदा फुटलं की तुझ्याकडे फक्त फोडच येतील. आणि हातात रायफल असलेल्या माणसाबद्दल खरंच वर सांगावं लागलं, तर आधी त्याच्या तोंडावर सांग की मी हे सांगणार आहे.

हात बोथट होण्याची भीती मात्र रास्त आहे. जवळच्या लष्करी रुग्णालयाच्या प्रमुखाला आजच अर्ज कर, आठवड्यातून एक दिवस अपघात विभागात उभं राहू द्या म्हणून. तुकडी नाही म्हणणार नाही, त्यांनाही तयार हाताचा डॉक्टर हवा असतो. पुढे कितीही मोठी खुर्ची मिळाली तरी तो एक दिवस सोडू नकोस. अर्जाचा मसुदा आधी मला पाठव, तुझी वाक्यं फार लांब असतात.

तुझा,
जुना सर