हार्मोन्स घेऊनही आवाज जाडच राहिला, तर ऑपरेशन करावं का?

परभणीहून एका ट्रान्स व्यक्तीने विचारलंय, दोन वर्षं इस्ट्रोजेन (स्त्रियांचं हार्मोन) चालू आहे, तरी फोनवर लोक ‘भाऊ’च म्हणतात. साहजिक आहे. वयात येताना टेस्टोस्टेरॉनने (पुरुषांच्या हार्मोनने) स्वरतंतू एकदा जाड झाले की इस्ट्रोजेनने ते पुन्हा बारीक होत नाहीत.

सध्या जास्त केलं जाणारं ऑपरेशन म्हणजे वेंडलर ग्लॉटोप्लास्टी. तोंडातून दुर्बीण घालून स्वरतंतूंचा पुढचा भाग टाके घालून जोडतात. थरथरणारी लांबी कमी झाली की स्वर चढतो. बासरीचं गणित समजा. गळ्यावर व्रण राहत नाही. पण नंतर काही दिवस पूर्ण मौन पाळावं लागतं, आणि आवाजाचा जोर कमी होतो. शेतातून हाक मारायची सवय असेल तर हे आधीच लक्षात घ्या. दुसऱ्या पद्धतीत गळ्याला छेद देऊन कूर्चा जवळ ओढून तंतू ताणतात. तिचा परिणाम पुढे उतरू शकतो. कंठमणी तासून घेण्याचा आवाज चढवण्याशी संबंध नाही, तो फक्त दिसण्यासाठी.

माझं मत विचाराल तर आधी स्पीच थेरपी. ऑपरेशन फक्त पट्टी वर नेतं. बोलण्याची लकब, घशातला घुमारा सरावानेच बदलतो. नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष न मानणारे असाल आणि मधलाच आवाज हवा असेल तर बहुतेकदा थेरपीच बरी, कारण टाक्यांनी नेमका सूर मागून मिळत नाही.

स्वरयंत्राची तपासणी संभाजीनगरात घाटी या सरकारी रुग्णालयाच्या ईएनटी विभागात करून घ्या. ऑपरेशनसाठी मात्र आवाजाचीच शस्त्रक्रिया करणारा सर्जन गाठा, त्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागलं तरी चालेल.